मुक्ताईचा अधिकार आणि लेकीचा वाटा

परमार्थात स्त्रीला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न आपल्या संप्रदायात सातशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला, असे आपण कीर्तनातून मोठ्या अभिमानाने सांगतो. सांगण्यास आधारही भक्कम आहे. मुक्ताई आहे, जनाबाई आहे, सोयराबाई, कान्होपात्रा, शिऊरची बहिणाबाई आहे. श्रोते माना डोलावतात, आयाबाया पदराने डोळे पुसतात. परंतु त्याच मंडपात बसलेल्या एखाद्या टाळकऱ्याला कोणी हळूच विचारावे की, बुवा, तुमच्या बहिणीचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर आहे का? मग बघा, टाळ कसे थांबतात ते!

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, असे पुष्कळांचे म्हणणे. एक परमार्थाचा, दुसरा प्रपंचाचा. यांची भेसळ करू नये. हे म्हणणे वरवर सात्त्विक दिसते. पण थोडे खोदून पाहिले तर त्याच्या मुळाशी काय सापडते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. लिहिणारा तापीकाठच्या मुलखातला, असोद्याचा. म्हणून दाखले बहुधा इकडचेच येतील.

आरंभी दोन शब्द नीट समजून घेऊ. एक अधिकार आणि दुसरा सत्ता. अधिकार म्हणजे आतली पात्रता. ती गुरुकृपेने येते, साधनाने पिकते, आणि एकदा आली की कोणाला काढून घेता येत नाही. सत्ता म्हणजे बाहेरची चालती गोष्ट: गादी कोणाची, वतन कोणाचे, शेत कोणाचे, दार उघडायचे की लावायचे हे ठरवणारा कोण. संतांनी स्त्रीचा अधिकार मान्य केला, हे शंभर नंबरी सत्य. सत्तेचे काय झाले, हे मात्र आपण कधी विचारीत नाही.

मुक्ताईचेच पाहा. परंपरेने तिचा जन्म १२७९ चा, आणि तापीतीरी ती अंतर्धान पावली १२९७ मध्ये. म्हणजे उणेपुरे अठरा वर्षांचे आयुष्य. एवढ्या वयात तिने काय केले? ज्ञानदेव रागावून ताटी लावून बसले तेव्हा दाराबाहेर उभे राहून त्यांना समजावले ते तिने. ताटीचे अभंग म्हणून आपण जे गातो, ते धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला केलेले शासन आहे. आर्जव आहे, पण शासनही आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन कोणाचे मडके कच्चे ते पाहिले, आणि नामदेवरायांचे मडके कच्चे निघाले, त्या प्रसंगीही परीक्षेचे निमित्त मुक्ताईच झाली, असे आपली परंपरा सांगते. आणि चौदाशे वर्षांच्या चांगदेवाने कोरे पत्र धाडले, तेव्हा एवढे जगून हा कोराच राहिला, असे म्हणण्याची छाती त्या पोरीची. पुढे तोच चांगदेव तिचा शिष्य झाला. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तेथे त्याचे जुने दगडी देऊळ आहे. आणि तेथून जवळच कोथळीला गुरू मुक्ताईचे स्थान. शिष्य म्हातारा, गुरू पोर. शिष्य पुरुष, गुरू स्त्री. जगाच्या पाठीवर अशी जोडी फार थोड्या धर्मांत निघेल.

पण याच भावंडांची कथा दुसऱ्या अंगाने पाहा. आपेगावचे कुळकर्णपण त्यांच्या घराण्यात. आजोबा गोविंदपंत. बापाने संन्यास सोडून पुन्हा प्रपंच केला म्हणून धर्माची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांनी त्या घराला बहिष्कृत केले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. म्हणजे अधिकार असा की रेड्याने वेद बोलावा, आणि सत्ता अशी की ब्रह्मवृंदाचा कागद नसेल तर गावात राहता येऊ नये. अधिकार आणि सत्ता यांची फारकत किती दुखते, हे मुक्ताईला कोणी शिकवावे लागले नसेल.

पुढे आणखी एक गोष्ट. मुक्ताईच्या मागे तिच्या वंशाची गादी चालली नाही. चालण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे फड आणि गाद्या बहुधा बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून शिष्याकडे गेल्या, आणि तो शिष्यही बहुधा पुरुष. स्त्रीसंतांचे शब्द आपण घेतले, पण त्यांची जागा पुढच्या स्त्रीला दिली असे फारसे दिसत नाही. त्यांच्या नाममुद्राच पाहा ना! जनाबाई स्वतःला नामयाची म्हणवते, सोयराबाई चोखोबाची म्हणवते. यात नम्रता आहे, भक्ती आहे, हे खरे. पण कोणाच्या तरी आधाराने उभे राहिल्याशिवाय बाईचे बोलणे कोणी ऐकून घेत नव्हते, हेही तितकेच खरे. जनाबाई तर गंगाखेडहून येऊन दामाशेटींच्या घरी राबलेली दासी. दळण, कांडण, शेणगोळा. तिच्या अभंगात देव येऊन दळू लागतो, याचे आपण कौतुक करतो. पण ते दळण कमी करायला घरातले कोणी आल्याचे मात्र ऐकिवात नाही.

कान्होपात्रेची गोष्ट तर राजसत्तेशीच जाऊन भिडते. मंगळवेढ्याची ती. गणिकेच्या पोटी जन्म, म्हणून रूपावर कोणाचाही दावा चालतो, अशी त्या काळची रीत. बेदरच्या बादशहाने तिला आणविण्यासाठी माणसे पाठविली आणि तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, अशी कथा आहे. देवळाच्या आवारात तिचे झाड दाखवितात. तिच्या पाठीशी नवरा नव्हता, भाऊ नव्हता, गुरूचे नावही परंपरेने लावलेले नाही. तेव्हा तिच्यापुढे वाट उरली ती एवढीच. आपण तिला धन्य म्हणतो. धन्य ती आहेच. पण जिवंत राहण्याची सोय असती तर तिने नाकारली असती असे मानण्याचे कारण नाही.

आता शिऊरच्या बहिणाबाईंकडे येऊ (१६२८ ते १७००). हे उदाहरण सगळ्यांत उघड, कारण तिने स्वतःचे आत्मचरित्र अभंगांत सांगून ठेवले आहे. ब्राह्मणाची बायको, आणि गुरू केला तुकोबारायांना, तेही स्वप्नात. नवऱ्याने मारझोड केली. शूद्र गुरू करतेस आणि बाई असून ज्ञानाची भाषा बोलतेस, हे दोन्ही अपराध त्याला एकच वाटले. इथे नीट लक्ष द्यावे: जातीची सत्ता आणि पुरुषाची सत्ता ही दोन नसून एकाच दोरीचे दोन पीळ आहेत, हे त्या मारहाणीत दिसते. ती काय करते? नवरा सोडीत नाही. पतिव्रतेचा धर्मही सांगते, आणि स्त्रीदेहाला वेदाचा अधिकार नाही म्हणून हळहळतेही. पुढे नवरा निवळतो, आणि दोघे देहूला तुकोबांच्या सहवासात राहतात. काही आधुनिक मंडळी म्हणतात की, ती शेवटी नमली. मला तसे वाटत नाही. जिला जायला दुसरे घर नाही, पोटाला दुसरी भाकरी नाही, तिने चूल सांभाळून तुकोबा सांभाळला, याला नमणे म्हणत नाहीत. पण तिला दुसरे घर का नव्हते, हा प्रश्न उरतोच. आणि तो परमार्थाचा नव्हे, वाट्याचा प्रश्न आहे.

येथवर कोणी म्हणेल, जुन्या काळी बाईला काहीच नव्हते असे तुम्ही म्हणता काय? तसे नाही. सत्ता कधी कधी स्त्रीच्या हाती आली, आणि आली तेव्हा ती बहुधा धर्माच्या हाताने आली. अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण घ्या. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. दिवाणाचे म्हणणे की दत्तक घ्यावा, आणि राघोबादादा तर फौजेनिशी निघालेले. ही बाई गादी सोडीना. राज्य शंकराचे, मी त्याची कारभारीण, अशा भावनेने तिने १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे कारभार केला. येथे धर्म तिच्या कामी आला. बाई म्हणून जी सत्ता तिला कोणी दिली नसती, ती देवाची विश्वस्त म्हणून तिने चालवून दाखविली. माल्कम साहेबाने तिच्या कारभाराची हकीकत लिहून ठेवली आहे. तीत एका निपुत्रिक सावकाराच्या विधवेची संपत्ती खुद्द तुकोजी होळकरांच्या हातून तिने वाचविल्याचे येते. विधवा असलेली राणी दुसऱ्या विधवेच्या धनाची राखण करते, यात मला काशी-सोमनाथच्या देवळांइतकाच धर्म दिसतो. देवळांची वर्णने आपण पुष्कळ करतो, या न्यायाची करीत नाही.

पण अहिल्याबाई एक. गावोगाव काय होते? आपल्या इकडच्या बहुतेक कुणबी, माळी, कारागीर जातींत विधवेचा पाट लागत असे. शास्त्रात नसले तरी रिवाजात होते, आणि पंच ते मान्य करीत. सरकारही मान्य करी, परंतु फुकट नव्हे. त्यावर पाटदाम नावाची पट्टी बसे. म्हणजे बाई दुसऱ्यांदा संसाराला लागली की राज्याच्या तिजोरीत पैसा पडे! उच्च म्हणविणाऱ्या घरांत मात्र केशवपन आणि अंधार. पेशवाईत तर बदकर्माचा ठपका आलेल्या बायकांना सरकारी बटीक करीत. त्यांच्याबरोबरच्या पुरुषांपैकी दंड भरून सुटलेले काही कमी नव्हते. तेव्हा इंग्रज येण्यापूर्वी सगळे गोड होते, असे कोणी सांगू लागला तर त्याला हे दोन दाखले द्यावेत.

तसेच, इंग्रजाने येऊन बायकांना सोडविले, असे सांगणाराही भेटतो. त्यालाही दोन दाखले द्यावे लागतील, आणि ते थोडे विस्ताराने.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. मग मोजणी आली. १८५२ मध्ये सावदा-रावेर-फैजपूर पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी त्या मोजणीला मोठा विरोध केला, हे इतिहासात नमूद आहे. विरोध मोडला आणि मोजणी झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला, खाते पडले, आणि खात्यावर नाव लागले ते बहुतकरून घरच्या कर्त्या पुरुषाचे. पूर्वी शेत घराचे होते; बाईचा त्यात घाम होता, शब्दही थोडाफार होता. आता ते कागदाचे झाले, आणि कागदात घामाचा रकाना नव्हता.

१८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा घ्या. ब्राह्मणाच्या विधवेला लग्नाची वाट मोकळी झाली, ही मोठीच गोष्ट. पण त्याच कायद्यात एक कलम असे की, विधवेने पुनर्विवाह केला तर मेलेल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपतो. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता त्यांना हे लागू आहे काय? अलाहाबादच्या न्यायालयाने नाही म्हटले; आपल्या मुंबईच्या न्यायालयाने हक्क बुडतो असेच ठरविले. काही जातींत पूर्वीही अशी बाई शेत सोडून जाई, हे कबूल. पण तो जातीजातीचा रिवाज होता, पंचांना माणूस पाहून मागेपुढे करता येई. आता सगळ्यांना एकच सुरी.

दुसरा दाखला याहून बोलका आहे, आणि तो आमच्या पाटील-कुळकर्णी मंडळींना तरी ठाऊक असावयास हवा. मुंबई सरकारने १८७४ मध्ये वतनाचा कायदा केला. १८८६ मध्ये त्यास दुरुस्ती केली, ती अशी: शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, घराण्यातली प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारा प्रत्येक वारस, हा घराण्यातल्या पात्र पुरुषाच्या मागे. म्हणजे सख्खी लेक मागे आणि लांबचा चुलतभाऊ पुढे. हे मनूने सांगितले नव्हते, ज्ञानोबांनी सांगितले नव्हते. हे मुंबईच्या कौन्सिलने सांगितले, आणि आपल्या लोकांनी ते धर्माइतके निमूट मानले.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. ही सुतार जातीची मुलगी. अकरा वर्षांची असताना लग्न झाले. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये नवऱ्याने फिर्याद केली. १८८७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. येथे गंमत पाहण्यासारखी आहे. न नांदणाऱ्या बायकोवर असा दावा लावून तिला तुरुंग दाखविणे हे आपल्या धर्मशास्त्रातले नव्हेच; ते विलायतेतल्या पाद्र्यांच्या न्यायालयातून आलेले. खुद्द इंग्लंडात अशी कैद १८८४ मध्ये बंद झाली होती. तरी आमचे कित्येक पुढारी हिंदू धर्म वाचला म्हणून आनंदले! परक्या धर्मातली बेडी आपल्या बाईच्या पायात पडली तेव्हा ती आपल्याला सनातन वाटली. पुढे १८८८ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले, आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर होऊन आल्या. आणि एक बारकावा: रखमाबाईंच्या आईने पाट लावण्यापूर्वी पहिल्या नवऱ्याची मिळकत लेकीच्या नावे करून दिली होती. ते १८५६ चे कलम घराघरात कसे पोहोचले होते, ते यावरून कळते.

इकडे आपल्या शेजारच्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे नावाच्या बाईने १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारले की, धर्माची पुस्तके लिहिणारे पुरुष, न्याय करणारे पुरुष, मग दोष तेवढे बायकांचे कसे? मुक्ताईनगरपासून बुलढाणा काही लांब नाही. पण तिचे पुस्तक मुक्ताईच्या वारीत कोणी वाचले असेल असे वाटत नाही. तेही एक नुकसानच झाले.

आता आमच्या गावाकडे. असोदा हे जळगावपासून दोन कोसांवर. भरिताच्या वांग्यांसाठी लोकांना ठाऊक, आणि बहिणाबाई चौधरींसाठी. ही दुसरी बहिणाबाई. १८८० मध्ये असोद्याला महाजनांच्या घरी जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे दिल्या, तिशीत विधवा झाल्या. शाळेचे तोंड पाहिले नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ ते टिपून घेत. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेने ती गाणी छापली गेली. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, ते २०१८ पासून. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाने पदव्या मिळतात.

त्यांचे एक गाणे आहे वैधव्यावरचे. कुंकू गेले, पण मनगटातला जोर गेला नाही, असा त्याचा भाव. आणि हात पाहायला आलेल्या जोतिषाला त्या परत धाडतात. या गाण्यात वेदान्ताचा एक शब्द नाही, आणि तरीही तो अधिकाराचा उच्चार आहे, मुक्ताईच्या तोडीचा. पण त्या विधवा झाल्या तेव्हाचा कायदा काय होता? मुलगे असले की वारस मुलगे, विधवेला अन्नवस्त्र. १९३७ मध्ये विधवेला मर्यादित हक्क मिळाला, आणि १९५६ मध्ये वारसाचा नवा कायदा झाला. तेव्हा बहिणाबाईंना जाऊन पाच वर्षे होत आली होती. ज्या मातीवर त्यांनी एवढी गाणी रचली, त्या मातीतला लेकीचा हक्क कायद्याने धड मान्य होण्याआधीच त्या गेल्या.

पुढचा कायदा थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना तो अर्धवट ठाऊक असतो. १९५६ ने मुलीला बापाच्या वाट्यात वाटा दिला, पण वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतःचा हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीलाही तो दिला. २००५ मध्ये सबंध देशाला तो लागू झाला. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, २००५ साली बाप हयात असो वा नसो. (त्यापूर्वी नोंदणीने किंवा कोर्टाने होऊन गेलेल्या वाटण्यांची गोष्ट निराळी.) म्हणजे सरकारदरबारची तक्रार आता उरली नाही. पूर्वी शास्त्राकडे बोट दाखविता येई, मग साहेबाच्या कायद्याकडे. आता बोट आपल्याकडेच वळते.

आणि आपण काय करतो? हक्कसोड पत्र करून घेतो. बाप गेला की दहावा-तेरावा होतो, आणि बहिणी सासरी परतण्याच्या आत कोणी तरी म्हणतो, जाता जाता एक सही करून जा. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आणण्याची केवढी हौस! झोके बांधतील, सांजोऱ्या करतील, चोळीबांगडी करतील. सांजोरीला कोणी हात आखडीत नाही. शेताचे नाव काढले की मात्र सगळ्यांचे चेहरे उतरतात.

आमच्या आळीतल्या एका आक्काला मी विचारले, तुम्ही सही का दिली? ती म्हणाली, “वाटा मांगला त माहेर तुटते भाऊ. मंग आखाजीले कोनाच्या दारात जाऊ?” यावर मला उत्तर देता आले नाही. तिने वाटा सोडला तो वैराग्याने नव्हे; दार लावले जाईल या भीतीने सोडला. ताटी इथेही आहे. फक्त मुक्ताईच्या वेळी भाऊ रुसून आत बसला होता आणि बहीण बाहेरून उघड म्हणत होती. इथे भाऊ म्हणतो, सही कर, नाही तर उघडणार नाही.

येथे पूर्वपक्ष असा येईल: संतांनी धनाला गोमांसासमान मानले, आणि तुम्ही वारकऱ्यांच्या मासिकात शेताच्या वाट्याची भाषा करता. बहिणीने सोडला तर तो त्यागच झाला. त्यागाला नावे का ठेवता?

याचे उत्तर तुकोबारायांच्या चरित्रातच आहे. दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, हे पोराटोरांना ठाऊक आहे. पण कथेचा पुढचा भाग आपण घाईघाईने सांगून टाकतो. धाकटा भाऊ कान्होबा होता. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी कान्होबाच्या हवाली केली, आणि उरलेली, आपल्या वाट्याची, तेवढीच डोहात सोडली. एवढे वैराग्य अंगात उसळलेले असताना त्यांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. कान्होबाला त्यांनी असे म्हटले नाही की, अरे, पैसा वाईट, तुझाही मी बुडवितो. ज्याचा वाटा त्याने राखावा किंवा सोडावा. बहिणीच्या वाट्याचे वैराग्य भावाला येते, आणि ते शेत मात्र भावाच्याच नावावर राहते, हा कोणता परमार्थ? तुकोबांच्या कसोटीला तो उतरत नाही.

आणि हे करणे अशक्य आहे, असेही नाही. शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावेच्या गावे उठून घरधनिणींच्या नावे जमिनीचे तुकडे करून देऊ लागली. ते काही कोणी तपस्वी नव्हते, कर्जाने पिचलेले कास्तकार होते. पंढरपूरच्या देवळातही काय झाले ते आपण पाहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी (आमच्या अमळनेरचे ते मास्तर) प्राण पणाला लावले तेव्हा हरिजनांना दार उघडले. बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क १९७३ च्या कायद्याने काढले. त्याचा शेवटचा निकाल लागायला २०१४ चा जानेवारी उजाडला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या पुरुषांना आणि स्त्रियांनाही अर्ज करण्याची मोकळीक दिली. रुक्मिणीमातेची पूजा तोवर पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच केली होती, हे तेव्हा कित्येकांच्या प्रथमच ध्यानी आले! देव बाटला नाही. चंद्रभागा आटली ती अन्य कारणांनी.

मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, ती महिन्याहून अधिक चालते. वाटेत बीडला गोविंदपंतांच्या समाधीपाशी आजोबा-नातीची भेट होते. त्या वेळी मोठमोठे फडकरी हुंदके देताना दिसतात. नात आजोबांच्या दारी आली, एवढ्याच भावाने ते रडतात, आणि तो भाव खराच आहे.

एक शंका राहते, आणि ती प्रामाणिक आहे. बहीण खरोखरच सुखवस्तू असेल, भाऊ गरीब असेल, आणि ती मनापासून म्हणत असेल की मला नको, तर काय करावे? तिचे मन मोडावे काय? मोडू नये. पण खरे मन आणि भिडेचे मन ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. तेराव्याच्या गर्दीत कागद पुढे करू नये. आधी वारसनोंद करावी, तलाठ्याकडे तिचे नाव उताऱ्यावर लागू द्यावे, उताऱ्याची एक प्रत तिच्या हातात द्यावी. मग एक आखाजी जाऊ द्यावी. तिला नेहमीसारखे आणावे, झोका बांधावा, सांजोऱ्या कराव्यात. त्यानंतरही ती म्हणाली, भाऊ, हे तू घे, तर ते घ्यावे. आणि नाही म्हणाली, तर पुढच्या आखाजीलाही तिला आणायला गाडी घेऊन जावे.